नवे पातेले, पहिले पाणी

आमचा भाचा अमेरिकेत असतो. तेथे १९७८ च्या केंद्रीय कायद्याने घरापुरती बिअर बनविण्यास मुभा दिली. आपल्याकडे परवान्याविना तो गुन्हा ठरतो. या छंदासाठी त्याने अ‍ॅल्युमिनियमचे मोठे पातेले आणले, त्यात पाणी उकळले आणि घाबरून दूरध्वनी केला : “मावशी, पातेले आतून काळवंडले. घासून काढू की टाकून देऊ?”

दोन्ही नको, असे मी सांगितले. इडलीपात्र काळे पडले की आपणही तारेची घासणी हाती घेतो. म्हणून ते उत्तर येथे सविस्तर देत आहे.

अ‍ॅल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो. पाणी उकळल्याने तो जाड होतो आणि राखाडी किंवा काळपट दिसू लागतो. तो मळ नव्हे. धातू आणि अन्न यांमधील ते कवच आहे. घासून लख्ख केलेले भांडे स्वच्छ दिसते, पण उघडे पडलेले असते.

नवे पातेले प्रथम कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ फडक्याने धुऊन कारखान्यातील तेलाचा अंश काढावा. मग पदार्थ जेथवर येईल त्याच्याही वर पाणी भरून अर्धा तास उकळावे व ते ओतून द्यावे. चमक गेली की पातेले तयार झाले. पुढे तारेची घासणी व धुण्याचा सोडा त्यापासून दूर ठेवावा.

हे कवच साधारण ४.५ ते ८.५ सामूपर्यंत टिकते. बिअरसाठी उकळावयाच्या जवाच्या काढ्याचा सामू ५.२ ते ५.५ असल्याने तो त्यात चालतो. आंबवण्यासाठी मात्र काच किंवा स्टीलच घ्यावे. कारण तेथे आम्लता वाढते आणि मुक्काम आठवड्यांचा असतो. चिंचेचे सार, सोलकढी, ताक, लोणचे यांनाही हाच नियम लागू आहे.

पोटात गेलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा एक टक्क्याहूनही कमी अंश शरीरात शोषला जातो आणि निरोगी मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. म्हणून भीतीचे कारण नाही. परंतु ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत, त्यांच्या शरीरात तो साठू शकतो. आमच्याच घरी असे एक ज्येष्ठ आहेत; त्यांची आमटी स्टीलच्या पातेल्यातच शिजते.

भाच्याने पातेले ठेवून घेतले. इतकी वर्षे इडलीपात्र लख्ख घासणाऱ्या मीही तारेची घासणी आता बाजूला ठेवली आहे.