आमची बोली फक्त गड्याच्याच तोंडी का?

शेतकरी व कारागीर बांधवांनो,

आम्ही शहापूर-मुरबाड भागात वीस वर्षे पोरे शिकवीत आहोत. गेल्या साली आमच्या शाळेतील कुणबी, ठाकर व कातकरी मुलांनी एक प्रहसन बसविले. जमीन गिळावयास आलेला दलाल हा त्याचा विषय. गावकरी पोट धरून हसले. स्पर्धेचे परीक्षक मात्र म्हणाले, "विषय बरा, पण भाषा शुद्ध नाही." पुढच्याच नाटकात मालकाचा गडी आमचीच बोली बोलला, तेव्हा हेच परीक्षक खदखदून हसले! म्हणजे आमची बोली गड्याच्या तोंडी शोभते, नायकाच्या तोंडी अशुद्ध होते. वा रे न्याय!

हा न्याय आजचा नव्हे. १८५५ साली जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यात जोशी एका अडाणी कुणब्याला व त्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालून नागवितो. विदूषक पदोपदी त्याचे पितळ उघडे पाडतो. शेवटी नवराबायको रात्रीच्या शाळेत शिकावयाचे ठरवितात. जुन्या नाटकांतला विदूषक राजाच्या पदरी असे. जोतीरावांचा विदूषक कुणब्याची बाजू घेतो. हेच झोंबले! दक्षिणा प्राइज कमिटीने नाटक नाकारले. ते छापून निघावयास १९७९ साल उजाडले. एकशे चोवीस वर्षे!

दरसाल ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन होतो, कारण १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले. तो खुशाल व्हावा. पण अध्यापक विद्यालयात आम्हांस भावे पाठ करविले. जोतीरावांचे नाटक कोणी सांगितले नाही.

कोणी म्हणेल, "कलेत जात कशाला आणता?" अहो, आणली कोणी? कुणब्याला केवळ हसण्यापुरते रंगभूमीवर बोलाविले, तेव्हाच ती आली. आमचे भांडण कोणाच्या जन्माशी नाही. कोणाची भाषा भाषा मानावी हे ठरविण्याच्या मक्तेदारीशी आहे. २०१२ साली ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक रंगभूमीवर आले. लेखक राजकुमार तांगडे, जालन्याकडचे शेतकरी. जातीच्या नावाने राजकारण करणाऱ्यांची त्यात टर उडविली आहे. शहरवाल्यांनी ते तिकीट काढून पाहिले. तेथे बोली कोठे आडवी आली?

बांधवांनो, तानसा-भातसाचे पाणी मुंबई पिते आणि आमच्या वाड्या चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहतात. बोलीचेही तसेच होऊ द्यावयाचे काय? पौषात म्हशाची जत्रा भरते. तेथे, नाहीतर शाळेच्या पटांगणात, ‘तृतीय रत्न’ बसवा. पोरांना त्यांच्याच बोलीत बोलू द्या. बक्षीस नको, परीक्षक तुम्हीच व्हा. आम्ही खेळ रात्री लावू, म्हणजे कोणाचा रोज बुडणार नाही. एवढे मात्र करा: बायकापोरांसह या, आणि यंदा कोणाला हसावयाचे ते तुम्हीच ठरवा.