फेराची रांग कुणी केली?

तर झालं असं. सप्टेंबरातल्या एका रात्री जेवता जेवता माझा भाचा खुर्चीवर उभा राहिला, दोन्ही हात वर केले, "फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट" म्हणाला आणि रडायला लागला. भाचा चार वर्षांचा आहे. एकपासून मोजायला सांगितलं तर सहानंतर त्याची गाडी थेट दहावर जाते. पाच ते आठ मात्र तोंडपाठ, कारण शाळेतला नाच तिथून सुरू होतो. ताईने विचारलं, काय झालं रे? तर म्हणाला, "मी चुकतो. मला थर्ड लाइनमध्ये टाकलं."

थर्ड लाइन म्हणजे काय ते मला लगेच कळलं. मी स्वतः पाचवीच्या गॅदरिंगला तिथेच उभी होते. पण मी पाचवीत होते हो. हा अजून शर्टाचं बटण लावताना जीभ बाहेर काढतो.

शाळेचा मेसेज आला होताच. नवरात्री सेलिब्रेशन, मुलग्यांना केडियू, मुलींना चनिया-चोळी, प्रत्येकी दोन टिपऱ्या, तीन मिनिटांचा रीमिक्स गरबा, तीन आठवडे प्रॅक्टिस, पालकांनी साडेदहाला जागेवर बसावे. शेवटी एक ओळ: व्हिडिओ शूटिंगची सोय केलेली आहे. ताईचं ऑफिस सुटत नव्हतं, म्हणून 'पेरेंट व्हॉलंटियर' म्हणून नियोजनाच्या मीटिंगला मी गेले. पाऊण तास मीटिंग चालली. बॅकड्रॉप कुठला, एंट्री कुठून, उंच मुलं मागे की कडेला, स्पीकर कुणाकडून आणायचा. मुलांना काय आवडतं हा प्रश्न कुणीच काढला नाही. मीसुद्धा नाही. घरी येताना बसमध्ये लक्षात आलं.

आता जरा गरब्याकडे बघू या. गरबा मला आवडतो, दोन तास खेळते. मधोमध दिवा ठेवलेला सच्छिद्र घट, तो गरबो, किंवा देवीची मूर्ती, आणि भोवती फेर. २०२३ मध्ये युनेस्कोने गुजरातचा गरबा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. या नाचाला पुढची रांग नाही. फेरात पहिला कोण आणि शेवटचा कोण, सांगता येत नाही. नवशिक्या माणूस समोरच्याचं बघत बघत शिकतो, चुकला तर फेर त्याला घेऊन पुढे जातो. असा नाच आमच्या शाळेने घेतला, कापला, सरळ केला आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून तीन रांगांत उभा केला. फेराची रांग झाली की लगेच फर्स्ट लाइन तयार होते, आणि फर्स्ट लाइन झाली की थर्ड लाइन आलीच.

माझ्या धंद्यात ही भानगड रोज दिसते. ऑफिसात टाइमशीट भरायचं जे सॉफ्टवेअर असतं ते इतकं भिकार का असतं? कारण ते विकत घेणारा वेगळा आणि वापरणारा वेगळा. घेणाऱ्याला डेमोत रिपोर्ट सुंदर दिसला की सौदा झाला. आपण दर शुक्रवारी शिव्या देत भरतो ते कुणी डेमोत बघत नाही. प्लेस्कूलच्या नाचाचंही तेच. फी भरणारे, व्हिडिओ बघणारे आणि पुढच्या वर्षी ॲडमिशन करणारे आपण. नाचणारी मुलं फक्त युजर. युजरने तक्रार केली तर त्याला थर्ड लाइनमध्ये टाकायचं.

टीचरवर माझा राग नाही. मीटिंगनंतर मी हळूच विचारलं, हे एवढं बसवायलाच हवं का? त्या म्हणाल्या, "मलाही कळतं हो. पण बावीस मुलं आहेत, सहा रडतात, दोघं पळून जातात, आणि मला तीन मिनिटांचं करून दाखवायचंय. नाही बसलं तर पालक मॅडमकडे जातात आणि मॅडम माझ्याकडे येतात." एवढी साखळी आहे, आणि तिच्या टोकाला मोबाइल धरून आपण बसलेलो आहोत.

तालाचं बोलू. लहान मुलांचा आपसूक वेग मोठ्यांपेक्षा जलद असतो. टाळ्या वाजवायला सांगा, ती घाई करतात. रेकॉर्ड केलेलं गाणं त्यांच्यासाठी थांबत नाही आणि धावतही नाही. २००९ मध्ये सेबास्टियन कर्श्नर आणि मायकेल टॉमासेलो यांनी अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल वाजवायला दिला. कधी सोबत माणूस, कधी ढोल वाजवणारं यंत्र, कधी नुसता स्पीकरमधून येणारा आवाज. मुलांचा ताल सगळ्यात चांगला जुळला तो माणसासोबत. पुढच्याच वर्षी त्यांनी चार वर्षांच्या मुलांच्या जोड्यांना एकत्र गायला-नाचायला लावलं, तर ती मुलं नंतर एकमेकांच्या मदतीला जास्त धावली. म्हणजे जे आजीला माहीतच होतं ते प्रयोगाने दाखवलं. आणि आपण काय करतो? चार वर्षांच्या मुलाला स्पीकरसमोर उभं करतो, आणि तो ताल चुकला की त्याला बेताल म्हणतो.

स्पीकरवरून आठवलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळेभोवतीचे किमान शंभर मीटर सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात, आणि अशा क्षेत्रात दिवसा मर्यादा ५० डेसिबल. गेटबाहेर 'नो हॉर्न'ची पाटी आहे. आत केडियू घातलेल्या बावीस मुलांपासून चार फुटांवर माणसाच्या उंचीचा स्पीकर. असो.

मी सांगलीची. आमच्याकडे भोंडल्याला हादगा म्हणतात, विदर्भ-खानदेशात थोडा वेगळा अवतार घेऊन भुलाबाई येते. सूर्य हस्त नक्षत्रात जातो तेव्हाचा, सप्टेंबरअखेरचा हा खेळ. मधे पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरून गाणी म्हणायची, शेवटी खिरापत ओळखायची. पहिल्या दिवशी एक गाणं आणि एक खिरापत, मग रोज एकेक वाढवत जायचं. इंजिनियर झाल्यावर मला कळलं की हे डिझाइन किती विचाराचं आहे. चाल दोन-तीन सुरांत फिरते, म्हणजे कुणालाही म्हणता येते. ओळ पुन्हा पुन्हा येते, म्हणजे पाठांतर लागत नाही. आणि चाल एकच: चालणं. चार वर्षांच्या मुलाला चालता येतं.

म्हणून आम्ही सोसायटीत हादगा केला. पार्किंगमध्ये, शनिवारी संध्याकाळी, अकरा मुलं. नियोजन व्हॉट्सॲपच्या एका मेसेजात मावलं: स्पीकर नाही, ड्रेस नाही, मोबाइल खिशात, वीस मिनिटं. खडूने जमिनीवर हत्ती काढला, तर एकीने सांगितलं की त्याला भूक लागलीय, मग पाच मिनिटं सगळ्यांनी त्याच्या सोंडेपुढे पानं नेऊन ठेवली. हे नियोजनात नव्हतं. पहिलं गाणं गणपतीचं, ते मी म्हटलं. दुसरं कारल्याच्या वेलाचं. ते म्हणजे सून माहेरी जायला मागते आणि सासू दर वेळी नवी अट घालते, वेल लाव, कारलं येऊ दे, भाजी होऊ दे. सासुरवास मुलांना शिकवायचा नाही, हे मला कळतं. मी सासू काढली आणि हत्ती घातला. हत्तीला बागेत जायचंय, पण आधी दात घास, दूध पी, चपला शोध. अटी मुलांनी सांगायच्या. "आधी शू कर" ही अट आली तेव्हा फेर मोडला, सगळी जमिनीवर लोळून हसत होती. दोन मिनिटांनी पुन्हा जोडला. काही बिघडलं नाही.

भाचा पहिला अर्धा वेळ खांबाला धरून उभा होता. त्याला कुणी ओढलं नाही, हे मी आधीच ताईला बजावलं होतं. हत्तीच्या चपला हरवल्या तेव्हा तो आला आणि मधे घुसला. उलट्या दिशेने चालत होता. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला धडकत होता. कुणाचीच स्टेप चुकली नाही.

चौथ्या मजल्यावरच्या काकू तेलंगणातल्या. त्या म्हणाल्या, हे तर आमच्या बतुकम्मासारखंच. त्यांच्याकडे याच दिवसांत फुलांची उतरंड मधे ठेवून बायका टाळ्या देत फेर धरतात. घट, हत्ती, फुलं. मधे ठेवायची वस्तू बदलते, भोवतीची माणसं एकमेकांकडेच बघतात. खिरापतीचा डबा त्यांनीच वाजवला. मुलांनी "पिझ्झा" पासून सुरुवात केली. निघाले दाण्याचे लाडू.

यावर मला जी उत्तरं मिळाली, त्यातलं पहिलं नेहमीचं: स्टेज डेअरिंग येतं. कुठून येतं? स्टेजवर आपण चुकतो आणि चुकलं की मागे टाकतात, हे माझा भाचा शिकला. ही डेअरिंग असेल तर भीती कशाला म्हणायचं? दुसरं उत्तर जास्त खरं आहे आणि ते ताईनेच दिलं. "अगं, मी दिवसभर ऑफिसात असते. मला तो नाचताना बघायला मिळणार ते एवढंच." यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. नंतर सुचलं ते असं, की बघायचं कशाला, फेरात ये. पण साडेदहाला रजा टाकून येणाऱ्या आईला 'तू बघू नकोस' सांगणं मला सोपं वाटत नाही, हेही खरं. तिसरं उत्तर एका आजोबांचं: गाणी बदलून परंपरेची वाट लावली. आजोबा, मुलगे फेरात आले तेव्हाच ती वाट बदलली, आणि बरंच झालं.

यात नवीन काहीच नाही, याची मला जास्त चीड येते. १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा या बाया बालवाडी घेऊन मुलांच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी हा शब्द तिथला. २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा खेळातून शिकण्याबद्दल पानंच्या पानं लिहितो. ऐंशी वर्षांपूर्वी अंगणात गेलेली गोष्ट आपण महिन्याला काही हजार भरून पुन्हा स्टेजवर चढवली.

शाळेचा व्हिडिओ आला. तीन मिनिटं दोन सेकंद. भाचा दोनदा दिसतो. एकदा गुडघा खाजवताना, आणि एकदा शेजारच्या मुलीची पडलेली टिपरी उचलून देताना; तेवढ्यात कॅमेरा पुढच्या रांगेवर गेलाय.

परवा टीचरचा मेसेज आला. कुणीतरी त्यांना पार्किंगमधल्या हत्तीबद्दल सांगितलं होतं. पुढच्या वर्षी मॅडमना विचारून बघते म्हणाल्या, किती मिनिटं लागतात, खडूच चालेल ना, बावीस मुलांचे दोन फेर करू का. मी सगळ्याची उत्तरं दिली. मग त्यांनी विचारलं, "आणि व्हिडिओ नसेल, हे पालकांना कसं कळवायचं? तुम्हीच दोन ओळी लिहून द्याल का?"

तीन वेळा टाइप करून खोडलंय.