डबीतला आनंद, ताटातला आधार

माझी धाकटी बहीण सोलापूरला असते. वय वर्षे ६४, दोन नातवंडांची आजी. पण आमच्या घरात ती अजून 'बेबी'च. दोन वर्षांपूर्वी मेहुणे गेले. मुलगा न्यू जर्सीला, मुलगी बंगळुरूला. दिवसकार्य आटोपले, पाहुणे पांगले आणि बेबी चार खोल्यांच्या घरात एकटी उरली. सहा महिन्यांनी मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती निम्मी झाली होती. बोलणे तुटक, रात्री झोप नाही, रोजची पूजासुद्धा सुटलेली. स्वयंपाकघरात डोकावलो तर ओट्यावर चहाचे पातेले, शेजारी खारीचा पुडा आणि फ्रिजमध्ये तीन दिवसांची आमटी.

"अगं, जेवतेस काय तू?" मी विचारले.

"दादा, एकटीसाठी काय कुकर लावायचा?" ती म्हणाली.

हे वाक्य वाचकांपैकी पुष्कळांनी कुठल्या ना कुठल्या घरात ऐकले असेल. मीही ते ऐकले आणि सोडून दिले. तिच्या डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी सुरू केली होती. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, असेही त्यांनी सांगितले होते. तेवढ्यात भाचा अमेरिकेहून आला. आईची अवस्था पाहून बिचारा हादरला आणि त्याने बॅगेतून एक डबी काढली.

"मामा, हे औषध नाही," तो म्हणाला. "जेवणातल्या प्रथिनांपासून मेंदूत आनंदाचं रसायन तयार होतं ना, त्याचाच हा कच्चा माल. तिकडे दुकानात कुणालाही मिळतो."

डबीवर ५-एचटीपी असे लिहिले होते. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून सेरोटोनिन बनताना मधली जी पायरी येते, ते हे द्रव्य. आफ्रिकेतल्या एका वनस्पतीच्या बियांपासून ते काढतात. मी ३४ वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. ओळखीचे नाव दिसल्याबरोबर माझ्यातला मास्तर सुखावला आणि मीच बेबीला म्हणालो, "घे गं, अन्नातल्याच घटकापासून बनतं ते. अपाय कसला होणार?"

पाचव्या दिवशी चहा ओतताना तिचा हात थरथरू लागला. घामाने पोलके भिजले, छाती धडधडू लागली, जीव एका जागी ठरेना. रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळीशिवाय आणखी काय घेता?" मी खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. गोळी मेंदूत असलेले सेरोटोनिन टिकवून धरत होती आणि डबी त्यात भर घालत होती. दोन्ही मिळून प्रमाण हाताबाहेर गेले होते. वेळीच थांबलो म्हणून दोन दिवसांत निभावले. याचेच तीव्र रूप जिवावर बेतू शकते. डबीवर बारीक अक्षरांत छापले होते की, हे उत्पादन कुठल्याही रोगाचे निदान, उपचार वा प्रतिबंध करण्यासाठी नाही. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यापासून आरोग्याचे दावे करणाऱ्या पूरक आहाराच्या डब्यांवर तसे छापावेच लागते. ते वाचायला मी चष्मा लावला नव्हता.

आज लिहितो आहे ते त्या ओशाळलेपणातून.

म्हण खोटी नाही

'जसे अन्न तसे मन' असे आपण पूर्वापार म्हणत आलो. भाचा जे सांगत होता तेही अगदीच निराधार नव्हते. प्रथिन म्हणजे माळ मानली तर अमिनो आम्ले हे तिचे मणी. वीस प्रकारच्या मण्यांतून शरीरातली सारी प्रथिने ओवली जातात. त्यांतले नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ते अन्नातूनच यावे लागतात. ट्रिप्टोफॅन हा त्या नवांपैकी एक. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स आणि सिडनी कोल यांनी १९०१ मध्ये दुधातल्या केसीन या प्रथिनापासून तो वेगळा केला. यापासून सेरोटोनिन बनते, तसेच नायसिन हे ब गटातले जीवनसत्त्वही बनते. टायरोसीन नावाच्या दुसऱ्या अमिनो आम्लापासून डोपामाइन बनते. मनाच्या कारभाराशी या रसायनांचा संबंध आहे, यात शंका नाही.

ताटातली उणीव मनापर्यंत कशी पोचते, याचा दाखला इतिहासात आहे आणि तो भयानक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा नावाच्या रोगाने थैमान घातले. अंगावर उन्हाने भाजल्यासारखे चट्टे, जुलाब आणि मग मनाचा तोल जाणे, अशी त्याची चढती भाजणी. आरंभी माणूस उदास, चिडचिडा होई. शेवटी भ्रम होई. वेड्यांच्या इस्पितळांत या रोग्यांची दाटी होती. लोक म्हणत, हा संसर्गच. सरकारने १९१४ मध्ये डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासासाठी पाठवले. त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली: इस्पितळांत आणि अनाथाश्रमांत रोगी आजारी पडत, पण तिथल्या परिचारिकांना, नोकरांना काही होत नसे. संसर्ग असा माणसे निवडून होतो काय? फरक होता तो पानातल्या अन्नाचा. गरिबांच्या ताटात मका, काकवी आणि डुकराची चरबी, एवढेच. दूध, मांस, भाज्या मिळाल्या की रोग हटे. पुढे १९३७ मध्ये नायसिनचा शोध लागला आणि १९४५ मध्ये ट्रिप्टोफॅनचाही यातला वाटा उघड झाला. मक्यात ट्रिप्टोफॅन फार थोडे, आणि त्यातले नायसिन शरीराला सहजी मिळत नाही. मेक्सिकोतल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मगच वाटतात; त्याने ते नायसिन मोकळे होते. मका अमेरिका खंडातून जगभर गेला, पण ती रीत त्याच्याबरोबर गेली नाही.

हा रोग आपल्या दख्खनच्या पठारावरही होता. केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब मजुरांत तो आढळे. ज्वारीत तर ट्रिप्टोफॅनची तेवढी वानवा नाही. मग असे का? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे नाव ज्यांच्यामुळे जगभर गेले ते डॉ. कोलुथूर गोपालन आणि त्यांचे सहकारी डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडले की, ज्वारीत ल्युसिन हे दुसरे अमिनो आम्ल जास्त असते आणि ते ट्रिप्टोफॅन-नायसिनच्या कामात अडथळा आणत असावे. या मतावर पुढे बराच खल झाला. परंतु मोठा धडा पक्का आहे. दोष भाकरीचा नव्हता, नुसत्या भाकरीचा होता. त्याच भाकरीबरोबर डाळ, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी, वाटीभर दूध वा ताक आले की तोल सांभाळला जातो. धान्यात लायसिन कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मिथिओनिन कमी, ते धान्यात मिळते. आपल्या आज्यांना यातले एकही नाव ठाऊक नव्हते, पण वरणाशिवाय भाताचे पान त्या वाढत नसत.

मग डबीत चूक ती काय?

उणीव असेल तर ती भरून काढल्याने गुण येतो. पण उणीव नसताना तेच द्रव्य ओतत राहिले म्हणजे आनंद वाढतो, हे कुठून आले? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ४ मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन पुरते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला २४० मिलिग्रॅम. चार पोळ्या, दोन वाट्या वरण आणि दोन पेले दूध एवढ्यात ते सहज भागते.

दुसरे असे की, खाल्लेले सारे मेंदूत पोचत नाही. रक्त आणि मेंदू यांच्या मध्ये एक पहारा असतो. ट्रिप्टोफॅनला ज्या दाराने आत शिरायचे, त्याच दारावर आणखी पाच-सहा अमिनो आम्ले रेटारेटी करत असतात. दादर स्टेशनात संध्याकाळी सहाला लोकलच्या डब्याच्या दारात काय होते ते आठवा. एखाद्या बारक्या माणसाला चढायला कितीशी संधी मिळणार? फर्नस्ट्रॉम आणि वर्टमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये उंदरांवर दाखवले की, पिष्टमय पदार्थ खाल्ल्यावर इन्सुलिन वाढते, इतर अमिनो आम्ले स्नायूंत ओढली जातात आणि ट्रिप्टोफॅनला वाट मोकळी होते. पण त्याच घासाबरोबर थोडे प्रथिन आले तरी हा परिणाम पुसला जातो. 'केळ्यात सेरोटोनिन असते, केळे खा आणि आनंदी राहा,' असे कुणी सांगते. केळे अवश्य खावे. मात्र त्यातले सेरोटोनिन त्या पहाऱ्यापलीकडे जात नाही.

आणि या चूर्ण-कॅप्सुलांचा प्रत्यक्ष अनुभव काय? ट्रिप्टोफॅन व ५-एचटीपी यांच्या नैराश्यावरील उपयोगाचा कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संघटनेने या शतकाच्या आरंभी आढावा घेतला. एकूण १०८ चाचण्या सापडल्या. त्यांतल्या विश्वासार्ह निघाल्या दोन, आणि त्या दोहोंत मिळून रुग्ण ६४. त्यांत थोडा गुण दिसला खरा, पण एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर कुणी आपल्या आईचे मन सोपवू नये. १९८९ मध्ये अमेरिकेत याहून वाईट घडले. ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या घेणाऱ्या दीड हजारांहून अधिक लोकांना स्नायूंच्या असह्य वेदनांचा विचित्र आजार झाला, किमान ३७ जण दगावले. माग काढता बहुतेक माल एकाच जपानी कारखान्यातला निघाला. त्यात मिसळलेल्या अशुद्ध द्रव्यांवर संशय गेला. 'नैसर्गिक' हा शब्द लेबलावर असला म्हणून डबीतला माल निर्धोक ठरत नाही.

'सेरोटोनिन कमी म्हणजे नैराश्य' हे समीकरणच आता डळमळले आहे. लंडनच्या जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये आजवरचे संशोधन तपासून त्याला सुसंगत पुरावा नसल्याचे मांडले. याचा अर्थ गोळ्या टाकून द्याव्यात असा कुणी घेऊ नये. औषध का लागू पडते हा वाद वेगळा आणि लागू पडते की नाही हा प्रश्न वेगळा. चालू गोळी आपल्या मनाने एकाएकी सोडणे हा डबीइतकाच मोठा धोका आहे.

ताटाची बाजू

एकेका द्रव्याचा नाद सोडून सबंध ताटाकडे पाहिले तर चित्र थोडे आशादायक आहे. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या गटाने २०१७ मध्ये नैराश्याच्या ६७ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांना आहारतज्ज्ञांकडून जेवण सुधारायला मदत मिळाली: अख्खी धान्ये, कडधान्ये, भाज्या, फळे, दाणे, मासे, ऑलिव्ह तेल. उरलेल्यांना तेवढाच वेळ गप्पागोष्टींची सोबत. बारा आठवड्यांनंतर आहार सुधारलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, तर दुसऱ्या गटातले ८ टक्के. प्रयोग लहान आहे, आपण कुठल्या गटात आहोत हे रुग्णांना कळत होते, आणि बहुतेकांचे इतर उपचारही चालूच होते. म्हणून आहार हा उपचाराच्या जागी नव्हे, त्याच्या जोडीला. पण ती यादी पुन्हा वाचा. भाकरी, उसळ, मेथीची भाजी, दाण्याची चटणी, परवडेल तेव्हा बांगडा. यांत परके काय आहे?

बेबीच्या डॉक्टरांनी डबी बंद केली आणि रक्त तपासले. थायरॉइड ठीक होते. ब-१२ जीवनसत्त्व फार कमी निघाले. त्याचे इंजेक्शन सुरू झाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाला २००६ मधल्या पाहणीत पुण्याकडच्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत ब-१२ कमी आढळले होते. ते फक्त प्राणिज पदार्थांतून मिळते, म्हणून शाकाहारी घरांत ही उणीव फार. ब-१२ अपुरे पडले की थकवा, विसरभोळेपणा, औदासीन्य असे काहीही होऊ शकते. खरी उणीव अशी तपासून सापडते. विमानतळावरून आलेल्या डबीतून नाही.

औषध चालू राहिले. पण गोळीने किंवा इंजेक्शनाने कुकर लागत नव्हता. नैराश्यात भूक मरते, न जेवल्याने अंगातली उरलीसुरली शक्ती जाते, आणि शक्ती गेली की मन आणखी खचते. हे रहाटगाडगे कुठेतरी अडवायला हवे होते. आमच्या सौ. म्हणाल्या, "तुम्ही तिला रसायनशास्त्र शिकवू नका. रोज साडेबाराला फोन करा आणि एवढंच विचारा, आज काय केलंस?"

तसे सुरू केले. पहिले पंधरा दिवस उत्तर एकच: "काही नाही रे, चहा-खारी." मग एकदा, "मुगाची खिचडी." मी टाळी वाजवली नाही, फक्त विचारले, "ताक होतं का बरोबर?" शेजारच्या काकूंनी गुरुवारी एकत्र जेवायचे ठरवले. भाचा आता न्यू जर्सीहून तिच्या संध्याकाळी फोन लावतो आणि आईला आमटी कशी करायची ते विचारतो. त्याला खरोखर येत नाही, की तो सोंग करतो, हे मला ठाऊक नाही. पण ती त्याला सगळे नीट सांगते.

बेबी पूर्ण बरी झाली, असे मी म्हणणार नाही. वाईट दिवस अजून येतात, गोळी अजून चालू आहे. परवा साडेबाराला मी कामात होतो, फोन राहून गेला. पाऊणला तिचाच आला. "दादा, जेवलास का? मी आज शेंगाची आमटी केलीय."

वाचकहो, तुमच्याही नात्यात कुणीतरी एकटे राहत असेल. पुढच्या भेटीत दिवाणखान्यात बसून तब्येत विचारू नका; उठून स्वयंपाकघरात जा आणि ओट्यावर काय आहे ते पाहा. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल तर डॉक्टरांकडे न्या. मन फारच काळवंडले असेल तर तेवढीही वाट पाहू नका. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र बोलायला तयार असते. जी कुठली डबी घरात येईल तिचे लेबल आधी डॉक्टरांना दाखवा. आणि मग कुकर लावा, दोघांसाठी.