भंगारातला इसीयू लॅबमध्ये आणा!

हॉस्टेलवर गाड्यांचा विषय निघाला की दहा मिनिटांत कोणीतरी म्हणणारच, "चिप टाकायची रे, मस्त पॉवर वाढते!" हाच विषय स्टाफरूमसमोर निघाला तर उत्तर ठरलेलं, "ते बेकायदेशीर आहे, त्या फंदात पडू नका." माझा दोन्ही बाजूंना सादर विरोध आहे. पहिल्या बाजूला चिपमध्ये काय असतं ते माहीत नाही, आणि दुसरी बाजू ते दाखवत नाही. माझं म्हणणं असं, की भंगारातल्या गाडीचा इंजिन कॉम्प्युटर उघडून त्यातली चिप बदलणं हे आपल्याकडचं रीतसर प्रॅक्टिकल व्हायला हवं. गाडीत बसवायला नाही, टेबलावर. जर्नलमध्ये लिहून, सह्या घेऊन.

आधी ज्यांची ब्रँच वेगळी आहे त्यांच्यासाठी. इसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा आणि पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी स्पार्क द्यायचा, ही त्याची दोन मुख्य कामं. हे तो दर वेळी गणित मांडून शोधत नाही. त्याच्या मेमरीत तक्ते असतात. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डमधला दाब. दोन्ही जिथे मिळतात त्या खान्यातला आकडा उचलायचा, पाणी किती गरम आहे वगैरे बघून थोडी दुरुस्ती करायची आणि पुढे. बसच्या भाड्याचा तक्ता असतो ना, अगदी तसाच. 'चिप टाकणे' म्हणजे हा तक्ता बदलणे. बाकी काही नाही.

आता या कामासाठी जगभर गाजलेला एक डबा आहे, होंडाचा पी२८. अमेरिकेत १९९२ ते ९५ या काळातल्या काही सिव्हिक गाड्यांमध्ये तो यायचा. गाड्या जुन्या होऊन तिथल्या जंकयार्डात गेल्या आणि पोरांनी हे डबे काढून उघडले. आत सर्किट बोर्डावर एक गंमत होती. प्रोग्रॅम प्रोसेसरच्या पोटात, कारखान्यातच कायमचा कोरलेला. पण बोर्डावर २८ पायांच्या एका मेमरी चिपची आणि शेजारी २० पायांच्या आणखी एका आयसीची जागा रिकामी सोडलेली. ती भोकं सोल्डरने बुजलेली असतात. ती पंपाने साफ करायची, २८ पायांच्या जागी सॉकेट बसवायचं, दुसऱ्या जागी ७४एचसी३७३, सोबत किरकोळ कपॅसिटर-रेझिस्टर, आणि जे१ असं लिहिलेल्या ठिकाणी तारेचा एक तुकडा. तो तुकडा जोडला की प्रोसेसर पोटातला प्रोग्रॅम सोडून बाहेरच्या चिपमधला वाचायला लागतो. बस्स!

७४३७३ हा आकडा ओळखीचा वाटला का? वाटायलाच पाहिजे. ८०८५ शिकताना आपण सगळ्यांनी हाच लॅच पाठ केलाय. ॲड्रेस आणि डेटा एकाच तारांवरून जातात, म्हणून ॲड्रेसचे खालचे आठ बिट आधी पकडून ठेवायला लॅच लागतो. परीक्षेत आकृती काढतो, मार्क घेतो आणि विसरतो. तोच लॅच एका खऱ्याखुऱ्या गाडीच्या डब्यात तेच काम करतो, हे बघितलेला माणूस तो विसरणार नाही. मेकॅनिकलवाला मात्र हा डबा म्हणजे 'इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं काहीतरी' म्हणून सोडून देतो आणि ई अँड टीसीवाल्याला इग्निशन ॲडव्हान्स म्हणजे काय ते सांगायला कोणी नसतं. आपल्या दोन डिपार्टमेंटमध्ये अंतर फक्त एका जिन्याचं आहे, पण तो जिना चढतं कोण?

चिप कोणती घालायची? जुनी पद्धत २७सी२५६ ची. हिला वर काचेची खिडकी असते, पुसायला अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ठेवावी लागते. नंतर लोक २७एसएफ५१२ कडे वळले, ती विजेनेच पुसली जाते. पण तिची जागा दुप्पट, ६४ केबी, आणि प्रोग्रॅम ३२ केबीचाच. या बोर्डावर चिपचा वरचा अर्धा भागच वाचला जातो, त्यामुळे फाइल ८००० हेक्सपासून पुढे लिहावी लागते. शून्यापासून लिहिली तर सगळं सोल्डरिंग बरोबर असूनही डबा ढिम्म! ॲड्रेस लाइन वर बांधली की काय होतं, हे यापेक्षा चांगलं शिकवणारं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता हॉस्टेलवाल्या बाजूकडे येतो. तक्त्यातला आकडा वाढवला म्हणून इंजिनात हवा जास्त येत नाही. टर्बो नसलेलं इंजिन तेवढीच हवा ओढणार. त्या हवेला पुरेल त्याहून जास्त पेट्रोल ओतलं तर धूर आणि बिल, एवढंच वाढतं. स्पार्क थोडा आधी देऊन काही फायदा काढता येतो, पण हात सैल सुटला की नॉकिंग, आणि मग पिस्टनची वाट. होंडाची पोरं चिप बदलायची त्याचं खरं कारण वेगळं होतं. त्यांनी इंजेक्टर मोठे टाकलेले, टर्बो लावलेला, कॅम बदललेला. इंजिनच बदललं, म्हणून तक्ता बदलणं भाग होतं. आपल्याकडे तयार चिप विकत घेऊन लावायची जी हौस आहे, ती म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालून गाडी चालवणं. आणि रस्त्यावरच्या गाडीत असले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतात. तेव्हा सर म्हणतात त्यातलं हे अर्धं मला मान्य आहे.

उरलेलं अर्धं मान्य नाही, ते एका मोठ्या प्रकरणामुळे. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या चमूने २०१३ मध्ये डिझेल गाड्यांना मोजणी यंत्र बांधून त्या खऱ्या रस्त्यावर पळवल्या. त्या चमूत अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पन्ना ही दोन भारतीय नावं होती. फोक्सवॅगनची जेट्टा नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या १५ ते ३५ पट सोडताना सापडली. लॅबमध्ये हीच गाडी पास! सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीला कबूल करावं लागलं की इसीयूचा प्रोग्रॅम चाचणी ओळखतो आणि तेवढ्यापुरता शहाण्यासारखा वागतो. आणि ओळखतो कसा? फेलिक्स डोम्के या जर्मन हॅकरने आपल्या गाडीत असतो तसाच एक इसीयू सेकंडहँड विकत घेतला, आतला प्रोग्रॅम वाचला आणि डिसेंबर २०१५ मध्ये हॅम्बुर्गच्या परिषदेत सगळ्यांसमोर मांडला. किती वेळात किती अंतर कापलं, याच्या आकड्यांच्या रेषा त्यात होत्या. गाडी सरकारी चाचणीच्या रेषेत चालली तर एक वागणं, रेष सोडली की दुसरं. म्हणजे पुन्हा आकड्यांचा तक्ताच. फरक इतकाच, की हा तक्ता लोकांपासून लपवायचा होता.

हे काही दूरदेशीचं प्रकरण नाही. आपल्या पुण्यात, वेताळ टेकडीवरच्या एआरएआयने केलेल्या तपासण्यांनंतर डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या ३,२३,७०० गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावण्याचं जाहीर केलं. तिकडे अमेरिकेत जेम्स लियांग या कंपनीच्या इंजिनिअरला ऑगस्ट २०१७ मध्ये ४० महिन्यांची कैद झाली. डायरेक्टर नव्हे, इंजिनिअर. आपल्यातले कितीतरी जण उद्या याच कंपन्यांत कॅलिब्रेशनच्या टेबलावर बसणार आहेत. समोरच्या खान्यात हा आकडा का आहे, हे विचारायची सवय कुठे लागणार? बंद डब्याचा फोटो बघून?

आपल्या पीयूसीचंच बघा. गाडी जागेवर उभी, इंजिनावर भार शून्य, सायलेन्सरमध्ये नळी. तक्त्यातल्या मोजक्या खान्यांची परीक्षा होते. घाट चढताना जे खाने वापरले जातात त्यांना कोणी हात लावत नाही. पीयूसीला माझा विरोध नाही बरं का, पण तक्ता एकदा डोळ्यांनी पाहिला की ही गोष्ट सांगावी लागत नाही.

कोणी म्हणेल, आता बीएस-६ चा जमाना, चिप बदलायचे दिवस गेले. खरंय. आजचे इसीयू निदानाच्या सॉकेटमधून प्रोग्रॅम घेतात आणि त्यावर कंपनीची डिजिटल सही तपासतात. आत बघायला सॉकेट नाही आणि खिडकीही नाही. म्हणूनच तर तो जुना डबा पाहिजे! १९९०च्या दशकातला बोर्ड हा नुसत्या डोळ्यांनी आणि एका सीआरओने समजतो. आधी हा, मग सहीवाला.

आता खर्च आणि सामान. १९९२ ची ती सिव्हिक आपल्याकडे विकलीच गेली नाही (इथे सिव्हिक आली २००६ मध्ये), तेव्हा पी२८ बाहेरूनच मागवावा लागेल. तोपर्यंत कुर्ल्याच्या भंगारातला कुठल्याही जुन्या एमपीएफआय गाडीचा डबा चालेल. त्यात होंडासारखी रिकामी जागा मिळेलच असं नाही. पण सिग्नल देऊन उत्तर बघायला तो पुरेसा आहे. बारा व्होल्टचा सप्लाय. पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरऐवजी पोटेन्शिओमीटर, कारण तो सेन्सर म्हणजे थर्मिस्टरच. इंजेक्टरऐवजी रेझिस्टर लावलेला एलईडी. होंडामध्ये फिरण्याचे सिग्नल डिस्ट्रिब्युटरमधूनच येतात, तो छोट्या मोटरने फिरवायचा. मग 'पाणी' थंड करा, सीआरओवर इंजेक्टरची पल्स रुंद होताना दिसेल. चिपमधला एक आकडा बदला, पुन्हा बघा. चिप प्रोग्रामर ई अँड टीसीच्या कपाटात असेलच, नसला तर तो काही इंजिनाइतका महाग नाही. आपल्या लॅबमधल्या कापलेल्या इंजिनाच्या मॉडेलवर दर वर्षी नवा रंग चढतो. एका वर्षीचा रंग वाचवला तरी सुरुवात होईल.

आणि डबा घ्यायला जे जातील त्यांच्यासाठी एक: भंगारवाले कनेक्टर अगदी मुळापासून कापून देतात. किमान वीतभर वायर ठेवायला सांगा, आणि शक्यतो त्याच गाडीचा डिस्ट्रिब्युटर आणि सेन्सर सोबत उचला. नंतर जोडी जमवत बसायला सेमिस्टर पुरत नाही.