नाथसागराची पन्नाशी आणि जालन्याचे देणे

पैठणच्या जायकवाडी धरणाचे 24 फेब्रुवारी 1976 रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते लोकार्पण झाले. त्याला आज पन्नास वर्षे झाली. धरणाचा 208 किलोमीटरचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतून परभणीकडे जातो. आपला ऊस आणि मोसंबी त्याच्याच आधाराने वाढली. 2012-13च्या दुष्काळात बागांवर कुऱ्हाड चालवायची वेळ आली, तेव्हा जालना शहराची तहान भागवायलाही या धरणाचा जलाशय, नाथसागरच धावून आला. या दिवशी ज्यांच्या शिवारावर हे पाणी उभे आहे त्यांचे नाव आधी घ्यायला हवे.

ती गंगाथडीची, म्हणजे गोदावरीकाठची गावे होती. पैठण, गंगापूर, नेवासे, शेवगावकडची. मुलूख सपाट, त्यामुळे दहा किलोमीटर लांबीच्या भिंतीमागे पाणी खोल साठले नाही, पसरले. सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर जमीन त्याखाली गेली आणि तीही गोदाकाठची काळीभोर, कसदार. राज्याचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा 1976चा. म्हणजे कायदा आला तोवर ही माणसे देव आणि भांडीकुंडी घेऊन उठली होती.

तरीही ती संपली नाहीत. ज्या सपाटीने जमीन गिळली, तीच दरवर्षी थोडी परत देते. पाणी ओसरले की मैलोगणती गाळ उघडा पडतो. त्यावर गाळपेरा होतो. ओलीवर हरभरा, ज्वारी, गहू येतो. भोई आणि कहार समाजाच्या माणसांनी नदीतली होडी जलाशयात आणली, मासेमारीवर घरे पुन्हा उभी केली. उथळ काठावर पक्षी उतरू लागले. 1986मध्ये जलाशय पक्षी अभयारण्य झाला. धरणाच्या आराखड्यात नसलेली ही वस्ती लोकांनी स्वतःच्या हिमतीवर वसवली आहे. आमच्या लेखी पन्नास वर्षांतले हे सर्वांत मोठे काम आहे.

पण या वस्तीच्या पायाखाली हक्काची जमीन नाही. गाळपेऱ्याची जमीन एकसाली. अभयारण्याचे निर्बंध जाळ्यापर्यंत येतात. जलाशयावर तरंगता सौर प्रकल्प उभारायचे ठरले, तेव्हा कहार समाजाच्या पंच समितीने दाद मागितली. हरित लवादाने आणि 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. वीज हवीच, याबद्दल दुमत नाही. मात्र एकदा उठवलेल्या माणसाच्या पोटावर दुसऱ्यांदा पाय पडत असेल, तर भरपाईचा विचार सौर पटल टाकण्याआधी व्हायला हवा.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने सरकारने गाळपेऱ्याचे पट्टे धरणग्रस्तांना दीर्घ मुदतीने द्यावेत आणि सौर प्रकल्पाच्या उत्पन्नातला वाटा मच्छीमार संस्थांना लेखी ठरवून द्यावा. ही मागणी जालन्याच्या लोकप्रतिनिधींनी विधानसभेत मांडावी. नळ आपल्या घरात आहे, म्हणून बोलण्याची पहिली जबाबदारीही आपली.