मालक की कूळ?

अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सचे उपाहारगृह चालविणारा स्वतःला मालक म्हणवितो. ही मालकी कसली? प्रवेशशुल्क ४५,००० डॉलर. शेगड्या, खुर्च्या, पाट्या यांचा खर्चही त्याच्याच माथी. जागा मात्र बहुधा कंपनीच्या ताब्यात. स्वामित्वशुल्काची आकारणी होते विक्रीवर, नफ्यावर नव्हे. पीक बुडाले तरी खंड चुकत नाही! २०२४ मध्ये नव्या उपाहारगृहांसाठी हे शुल्क ४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर गेले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात मोठ्या साखळ्यांतील कामगारांचे किमान वेतन ताशी २० डॉलर झाले. धंदा बुडाल्याची हाकाटी झाली ती मात्र वेतनवाढीच्या नावाने! कामगाराच्या ताटातला घास मोजणाऱ्या या कुळाने आधी आपला जमीनदार ओळखावा.