व्हॅनमध्ये कपाट नको, वळकटी विका : औंढ्यातून सुरू होऊ शकेल असा छोटा धंदा



आज एका अगदी छोट्या वस्तूबद्दल बोलूया. कॅम्पर व्हॅनमध्ये राहणाऱ्या माणसाचे कपडे ठेवायची सोय. हलकी, निसर्गाला कमी त्रास देणारी आणि आपल्या गावात शिवता येणारी. "सर, हा काय धंदा झाला?" असं मनात आलं असेल तर शेवटपर्यंत वाचा. आणि "वा, भारी आयडिया, उद्याच मशीन घेतो!" असं वाटलं असेल तर नक्कीच शेवटपर्यंत वाचा.

माझं मत आधीच सांगतो. धंदा आहे. पण तो लाकडी कपाटाचा नाही, "इको-फ्रेंडली" या शब्दाचा नाही आणि फक्त कॅम्पर व्हॅनवाल्यांच्या जिवावर तर अजिबात चालणार नाही.

औंढेच का?

लोणावळ्याहून औंढे, औंढोली करत दुधिवरे खिंडीतून पवना धरणाकडे जाणारा रस्ता तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या पायाखालचा आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या इथूनच जातात. पवनेच्या काठावर ठाकूरसईपासून पुढे तंबूंचे कॅम्प लागतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडीत झोपून फिरणारे लोक वाढतील, अशी सरकारचीही अपेक्षा आहे. म्हणजे गिऱ्हाईक तुमच्या दारावरून जातंय.

दुसरं कारण पाऊस. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कपडे ठेवायची जी वस्तू इथला आषाढ-श्रावण काढेल, ती कुठेही चालेल. ज्या टेस्टिंगसाठी मोठ्या कंपन्या पैसे मोजतात, ते तुम्हाला दारात फुकट आहे.

आधी वजनाचं गणित

अठरा मिलिमीटर जाडीच्या आठ बाय चार प्लायवूडच्या एका शीटचं वजन साधारण ३० ते ३५ किलो भरतं. बारा मिलिमीटरची शीट वीस किलोच्या पुढे. व्हॅनमधलं छोटं कपाट करायचं म्हटलं तरी बिजागऱ्या आणि चॅनल धरून तीसेक किलो होतातच. हे वजन चाकांवर, ब्रेकवर आणि डिझेलवर रोज पडणार.

आता कापडाचा हिशोब बघा. दीड मीटर पन्ह्याचं दोन मीटर कॅनव्हास म्हणजे तीन चौरस मीटर. चौरस मीटरला ४०० ग्रॅम वजनाचं कापड घेतलं तर सव्वा किलोच्या आत. त्यात बांबूच्या दोन-तीन काठ्या, पट्टे आणि चेन धरा. सगळं मिळून तीन किलोच्या आत बसतं.

वाचले किती? सत्तावीस किलो. म्हणजे वीस लिटरचा एक पूर्ण कॅन आणि वर सात लिटर पाणी. गिऱ्हाइकाला "लाइटवेट प्रॉडक्ट" असं सांगू नका. "या वजनात तुम्हाला सव्वा कॅन पाणी जास्त नेता येईल" असं सांगा. पाणी कशाला लागतं ते व्हॅनवाल्याला लगेच कळतं.

अजून एक फायदा. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा म्हटलं की आरटीओची परवानगी आली. जी वस्तू भोक न पाडता, असलेल्या हुकाला किंवा सीटच्या हेडरेस्टला बांधता येते, ती विकताना तुमचा आणि गिऱ्हाइकाचा दोघांचा ताप वाचतो.

डिझाईन शोधायला परदेशात जायची गरज नाही

चालत्या घरात कपडे कसे ठेवायचे, हे आपल्याकडे लोकांना कधीपासून माहीत आहे. देहू-आळंदीच्या दिंड्या बघा. माणसं तीन आठवड्यांच्या आसपास चालतात, सामान ट्रकमधून पुढे जातं. एका ट्रकमध्ये कितीतरी जणांचं सामान, आणि वरून आषाढातला पाऊस. तिथे कपाट नसतं. वळकटी असते, गाठोडं असतं, पिशवी असते. एक जोड अंगावर, एक वाळत, एक कोरडा. खांद्यावर टाकायची पडशी आठवा. दोन्ही बाजूंना खिसे, मध्ये तोंड, वजन दोन्हीकडे सारखं. सीटच्या पाठीवर टाकायला याच्यापेक्षा चांगला आकार मला तरी दिसलेला नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की तीन वस्तूंचाच विचार करा.

१. खिशांची वळकटी. कपडे गुंडाळून एकेका खिशात ठेवायचे. दिवसा टांगायची, गाडी चालू करताना गुंडाळून पट्टा आवळायचा. खिंडीतल्या वळणावर काहीही हलता कामा नये, मागची काचही झाकली जाता कामा नये.

२. पडशी. सीटच्या पाठीवर टाकायची, रोज लागणाऱ्या कपड्यांसाठी.

३. ओल्याची जाळीदार पिशवी. ही सगळ्यात महत्त्वाची. ओला कपडा कोरड्यात गेला की दोन दिवसांत वास आणि चार दिवसांत बुरशी. हवा खेळेल अशी वेगळी पिशवी दिली तर पावसाळ्यात गिऱ्हाईक तुमचं नाव काढेल.

"इको-फ्रेंडली" लिहिण्याआधी थांबा

इथे बरेच नवउद्योजक घसरतात. सुती कापड घेतलं, बांबू घातला, हिरवा टॅग लावला, झालं इको-फ्रेंडली! असं होत नाही.

डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये पिशव्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पर्यावरणाचे सगळे निकष धरले तर साधी सुती पिशवी प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला ७,१०० वेळा वापरावी लागते, असा आकडा त्यात निघाला. हवामानाचा एकच निकष धरला तर हाच आकडा ५२ वर येतो. या आकड्यांवर वाद होऊ शकतो. पण मुद्दा पक्का आहे : नवीन सूत आपोआप पर्यावरणाचं भलं करत नाही. वस्तू किती वर्षं टिकते आणि कच्चा माल आधीच वापरलेला आहे का, यावर सगळं ठरतं.

कायदाही आता लक्ष ठेवून आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. "इको-फ्रेंडली", "ग्रीन" असे मोघम शब्द पुरावा आणि खुलासा न देता जाहिरातीत वापरता येत नाहीत. आणि हातमागाचं कापड दिसलं म्हणून "खादी" असंही लिहू नका. त्या नावासाठी खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यता लागते.

मग टॅगवर काय लिहायचं? जे खरं आहे तेच, साध्या शब्दांत : "अस्तर हॉटेलच्या जुन्या चादरीचं. तळ जुन्या तंबूच्या कापडाचा. चेन बदलून मिळेल." माझ्या मते हे हिरव्या पानाच्या चित्रापेक्षा जास्त विकतं.

हा माल तुमच्या आजूबाजूलाच शोधा. लोणावळा-खंडाळ्याच्या हॉटेलांमध्ये जाऊन जुन्या चादरींचं काय करता ते विचारा. कॅम्पवाल्यांना फाटक्या तंबूंचं विचारा. तंबूचं कापड कृत्रिम धाग्याचं असतं, पण पाणी अडवतं. ते फेकण्याऐवजी तळाला लावलं तर वस्तूचं आयुष्य वाढतं. नुसतं सुती कापड इथल्या दमटपणात ओल धरतं, हे विसरू नका. बांबूला भुंगा लागतो, म्हणून बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून नीट वाळवलेलाच घ्या. काठ्या एकमेकींवर आपटून खडखडू नयेत म्हणून टोकाला कापड गुंडाळा. रात्री व्हॅनमध्ये झोपणाऱ्याला हा खडखडाट नको असतो.

पैशांचं बोलूया

खालचे आकडे फक्त हिशोबाची पद्धत कळावी म्हणून घेतलेत. तुमच्या बाजारातले भाव तुम्ही भरा. समजा, एका वळकटीला :

- कापड : ५०० रुपये
- बांबू : ६०
- पट्टे, चेन, रिंगा : १४०
- शिलाई : ३००
- पॅकिंग : ५०
- वाया जाणारा माल : ५०

एकूण ११०० रुपये. स्वतः १७०० ला विकली तर ६०० उरले. आता तीच दुकानात ठेवली आणि दुकानदाराला २५ टक्के दिले, तर त्याचे गेले ४२५. तुमच्या हातात राहिले १७५. त्यात तुमचं पेट्रोल, फोन आणि वेळ. म्हणून सुरुवातीला दुकान नको, थेट विक्री करा.

"पण सर, ऑनलाइन तीनशे रुपयांत ऑर्गनायझर मिळतो!" हो, मिळतो. त्याच्याशी किमतीत लढू नका, हराल. त्याच्याकडे दोन गोष्टी नाहीत : गाडीच्या मापाप्रमाणे शिवून देणं आणि दुरुस्ती. भाड्याने कॅरॅव्हॅन देणाऱ्याला दर फेरीनंतर धुता येईल आणि चेन तुटली तर बदलून मिळेल अशी वस्तू लागते. असं एक गिऱ्हाईक दहा फुटकळ ऑर्डरींपेक्षा मोलाचं.

आणि खरं बोलायचं तर फक्त कॅम्पर व्हॅनवर घर चालणार नाही. तुमच्या ओळखीत कॅम्पर व्हॅनवाले किती? बोटांवर मोजा. म्हणून वस्तू व्हॅनसाठी डिझाईन करा, पण विका तंबूच्या कॅम्पवाल्यांना, हॉस्टेलच्या मुलामुलींना, दिंडीवाल्यांना आणि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांना. जिथे जागा कमी आणि कपडे जास्त, तिथे तुमचं मार्केट.

कर्ज केव्हा?

मुद्राच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांमध्ये शिंपीकामही आहे आणि टोपल्या-चटया विणणाऱ्यांचं कामही. म्हणजे तुमच्या गावातले शिंपी आणि बुरूड कारागीर यात बसू शकतात. माहिती जरूर घ्या.

पण माझं मत ठाम आहे : पहिले दहा नग विकले जाईपर्यंत मशीन घेऊ नका. गावातल्या शिलाईकाम करणाऱ्या ताईंना नगावर काम द्या आणि मजुरी हातोहात चुकवा. हप्ता सुरू झाला की तो शनिवार-रविवारच्या गर्दीवर थांबत नाही, दर महिन्याला येतो. घरातलं सोनं गहाण ठेवून घेतलेलं मशीन कोपऱ्यात झाकून ठेवायची वेळ कुणावरही येऊ नये, म्हणून इतकं सांगतोय.

या पंधरवड्याचं काम

- तीन वेगवेगळ्या गाड्यांच्या आतली मापं घ्या. हूक, हेडरेस्ट, उंची, सगळं वहीत लिहा.
- दोन हॉटेलं आणि दोन कॅम्प यांच्याकडे जुन्या कापडाची चौकशी करा.
- एक वळकटी, एक पडशी आणि एक जाळीची पिशवी शिवून घ्या. वजन काट्यावर करून टॅगवर ग्रॅममध्ये लिहा.
- तो सेट गाडीने फिरणाऱ्या एका माणसाला आठ दिवस वापरायला द्या. "कसं वाटलं?" असं विचारू नका. "काय तुटलं, काय ओलं राहिलं, काय वापरलंच नाही?" असं विचारा.
- मग विचारा, "हे किती रुपयांना घ्याल?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

त्या माणसाने खिशातून पैसे काढले तर तुमचा धंदा सुरू झाला. नाही काढले, तरी तुमचं नुकसान एका सेटच्या खर्चाएवढंच आहे. तेवढं पेलतं. सॅम्पल सुधारा आणि पुन्हा जा.